लेन्स एकच... पण कोणती?

सहलीला निघायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून आपली लगबग सुरू होते. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा, पाण्याच्या बाटल्या, चटई, कुणाची बीपीची गोळी, कुणाचा स्वेटर... हे सगळं मला डोळे मिटून जमतं. वीस-बावीस वर्षांच्या संसारात तेवढं येतंच! पण गेली काही वर्षं एका ठिकाणी माझं घोडं हमखास अडतं. डबे भरून होतात, ओटा पुसून होतो, आणि मी जेवणाच्या टेबलावर तीन लेन्स मांडून त्यांच्याकडे बघत बसते.

"अहो, यातली कोणती नेऊ?"

"तिन्ही ने, नाहीतर एकही नेऊ नकोस. पण सकाळची लातूर गाडी चुकवू नकोस म्हणजे झालं," यजमान टीव्हीवरची नजर न काढता सांगतात.

मैत्रिणींनो, तुम्हाला हसू येईल. कोणती साडी नेसू हा प्रश्न आपल्या ओळखीचा, कोणती लेन्स नेऊ हा कुठला? पण याच प्रश्नाने मला एकदा चांगला धडा शिकवला आणि एका बाईचं देणं वर्षभर माझ्या डोक्यावर ठेवलं. तेच आज सांगायचंय.

कॅमेरा खरं तर माझ्या मुलाचा. इंजिनिअरिंगला गेल्यावर हट्टाने घेतलेला. पुढे नोकरीला पुण्याला गेला आणि म्हणाला, "आई, आता मोबाईलच पुरतो गं मला." झालं, एवढा महागाचा कॅमेरा आमच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या शेजारी! वस्तू नुसती पडून राहिलेली माझ्या जिवाला सोसत नाही. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर मीच तो हातात घेतला. मी बी.ए. मराठी-इतिहासवाली. ॲपर्चर, फोकल लेन्थ हे शब्द ऐकूनच घाम फुटायचा. पण हळूहळू लक्षात आलं, की यात आपल्या स्वयंपाकघरापेक्षा अवघड काहीच नाही.

माझ्याकडच्या तीन लेन्स अशा. पहिली १८-५५, कॅमेऱ्यासोबत मिळते ती. दुसरी ५५-२५०, लांबचं जवळ आणणारी. तिसरी नुसती ५०, तिला झूम नाही. हे आकडे मिलिमीटरचे. आकडा लहान असेल तर समोरचं जास्त रुंद दिसतं. आकडा मोठा झाला की लांबचं जवळ येतं, पण दिसणारा तुकडा लहान होतो. मी ते माझ्यापुरतं असं बसवलंय. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं, की १८ मधून अख्खं स्वयंपाकघर दिसतं. ओटा, मांडणी, खिडकी, पोळ्या लाटणारी सून आणि भाजी निवडणारी सासूसुद्धा! ५५ मधून गॅस आणि त्याच्यासमोरची बाई दिसते. आणि २५० मधून त्याच दारातून फक्त पातेल्यातल्या दुधावरची साय दिसते. दूध उतू चाललंय हे कळेल, पण घरात कोण आलं, कोण गेलं याचा पत्ता नाही.

५०ची गंमत वेगळी. तिचं तोंड मोठं उघडतं, त्याला एफ १.८ म्हणतात. १८-५५ ही लेन्स ५५ला नेली, की ५.६च्या पुढे उघडत नाही. हिशोब केला तर ५०मधून नऊ-दहापट उजेड जास्त आत येतो. म्हणून समईच्या उजेडातही चेहरा सुरेख येतो. पण आमच्यासारख्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे तिच्यातून दिसणारं आणखी आवळलं जातं. खोलीत चार माणसं बसवायची तर मागे सरकता सरकता भिंतीला पाठ लागते!

वजनाचं म्हणाल तर १८-५५ पाव किलोच्या आत, ५० दीडशे ग्रॅमच्या आसपास आणि ५५-२५० पावणेचारशे ग्रॅमपर्यंत. कॅमेरा वेगळा. म्हणजे तिन्ही घेतल्या तर एका खांद्यावर किलोभराच्या वर ओझं, आणि दुसऱ्या खांद्यावर डब्यांची पिशवी असतेच.

आता खरोशाची गोष्ट.

माझं माहेर लातूर. थोरली ताई तिथे औसा तालुक्यातल्या बचत गटांचं काम बघते. मी नांदेडला आमच्या भागातले गट सांभाळते, पण दोन महिन्यांतून एकदा ताईच्या मदतीला, वह्या तपासायला जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या बायकांनी ठरवलं, की व्याजाच्या पैशातून एक दिवस खरोशाला जायचं. लातूरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर टेकडीत कोरलेली ही लेणी. सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात. नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, रावण अशी शिल्पं आहेत. तालुक्यातच असून निम्म्याअधिक बायकांनी ती पाहिलेली नव्हती. आपल्याकडे असंच असतं, नाही का? माहेर ते सासर आणि सासर ते शेत, मधलं सगळं राहून जातं.

मी अर्थातच तिन्ही लेन्स घेऊन गेले. लेण्यात अंधार, म्हणून ५० लावली. मग सगळ्या बायका एकत्र उभ्या राहिल्या तर त्या मावेनात, म्हणून १८-५५ लावली. टेकडीवर गेलो तर वर कापशी घार पंख फडफडवत एका जागी थांबलेली दिसली. एवढी सुंदर! झालं, १८-५५ काढली आणि ५५-२५० लावली. वारा सुटलेला, धूळ उडत होती, आणि मी कॅमेऱ्याचं तोंड उघडं टाकून पिशवीत झाकण शोधतेय. त्या दिवशी आत गेलेली धूळ पुढे कितीतरी फोटोंत आभाळावर काळा ठिपका होऊन दिसत राहिली.

तेवढ्यात आक्का आली. ताईच्या गटातली ही बाई पंचावन्नच्या आसपासची. बोलायला कमी, पण हप्ता कधी चुकवणार नाही. सोबत तिची लेक आणि नऊ-दहा वर्षांची नात. लेक निलंग्याकडे दिलेली, एका दिवसापुरती आली होती आणि तिथूनच परत जाणार होती.

"बाई, आमचा तिघींचा येक फोटू काढा की वो. मोबाईलमदला नगं. कागदावरचा पायजे."

"काढते ना आक्का, एकच मिनिट. लेन्स बदलते."

कारण २५० मधून तीन पावलांवरच्या तिघी मावतच नव्हत्या. एकीचं कपाळ आणि एकीचा कान दिसत होता! आणि खरं सांगू? "एकच मिनिट" म्हणून मी आधी घारीचे दोन-चार फोटो आणखी काढले. म्हटलं, आक्का कुठे पळून चाललीय? मग लेन्स काढली, झाकण लावलं, दुसरी शोधली. खालून एसटीचा हॉर्न वाजला. लेकीला तीच गाडी गाठायची होती. ती पोरीचा हात धरून पळतच उतरली. आक्का तिच्या मागे, आणि मी हातात अर्धवट लावलेली लेन्स घेऊन वर उभी.

"ऱ्हाऊ द्या बाई, परत कवातरी," आक्का वर येऊन म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर ताईने सांगितलं. आक्काचं गाव भूकंपातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, सगळी गावं गाढ झोपेत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची माळवदं, तीच अंगावर आली. मी तेव्हा तेरा वर्षांची होते. लातुरात आम्ही सगळे रस्त्यावर धावत आलो होतो, आणि आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता, की दोन दिवस वळ होता. आमची भिंत उभी राहिली. आक्काची राहिली नाही. तिची आई गेली आणि थोरलं लेकरू गेलं. कुशीतली ही धाकटी, तेव्हा वर्षाची, ती तेवढी वाचली.

"तिच्याकडे दोघांचाही फोटो नाही गं," ताई म्हणाली. "एक होता, जत्रेत काढलेला. तो भिंतीवर होता. भिंतीसोबतच गेला. मागे मला म्हणाली, ताई, आता लेकराचं तोंडच नीट आठवंना."

मी खिडकीतून बाहेर बघत बसले. माझ्या कॅमेऱ्यात कापशी घारीचे एकवीस फोटो होते.

बाईचा फोटो ही आपल्याकडे कधीच सोपी गोष्ट नव्हती. निजामाच्या पदरी असलेले थोर छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला होता. पडद्यातल्या बायका तिथे मोकळेपणी बसायच्या, फोटो काढायला इंग्रज बाई असायची. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात. पण तो स्टुडिओ बड्या घरच्या बायकांसाठी. शेतात राबणाऱ्या बाईचा फोटो निघायचा तो लग्नात, जत्रेत, नाहीतर कुठल्या तरी कार्डासाठी. कार्डावरच्या फोटोत आपण आपल्यालाच ओळखू येत नाही, हा अनुभव तुम्हालाही असेलच!

नांदेडला परतल्यावर मी एक नेम केला. बाहेर पडताना एकच लेन्स. दुसरी घरी, कपाटाला कुलूप. एक रविवार फक्त १८-५५, एक फक्त ५०, एक फक्त ५५-२५०. गुरुद्वारा आमच्या घरापासून जवळ. १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंहांनी बांधवून घेतलेली ती वास्तू. बाहेरच्या प्रांगणातून ती पूर्ण हवी, तर १८ शिवाय इलाज नाही. नगीना घाटावर गोदावरीला हात जोडणारी म्हातारी हवी, तर ५० चांगली. तिच्या भोवतीची गर्दी आपोआप धूसर होते. कंधारच्या किल्ल्याला भोवती पाण्याचा खंदक आहे. तिथे आम्ही दोघंच गेलो होतो. यजमान सावलीत पेपर वाचत बसले आणि मी ५५-२५० लावून दोन तास पाण्यावरचे पक्षी टिपले. कुणाची खोटी झाली नाही, कुणाचा फोटो राहिला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आजवर विचारत होते, "कुठे जायचंय?" किल्ला असेल तर ही, लेणी असेल तर ती. खरा प्रश्न होता, "कुणाबरोबर जायचंय?" एकटीने जायचं असेल, तर खुशाल लांबचं बघावं. माणसांबरोबर जायचं असेल, तर माणसं मावतील अशीच लेन्स न्यावी. कारण लेन्स घरून निघतानाच ठरवून टाकते, की आज मी कुणाकडे बघणार आणि कुणाला "एकच मिनिट" म्हणणार.

अजून एक युक्ती सांगते. प्रत्येक फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला ते नोंदलेलं असतं. मी वर्षभरातले सहलीचे फोटो कॉम्प्युटरवर उघडून तपासले. बहुतेक १८ ते ४० मधले! ५५-२५० मी मिरवायलाच नेत होते म्हणायची.

आणि एकाच लेन्सवर भागत नाही असं वाटलं, तर होमाई व्यारावाला आठवाव्यात. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, सायकलवरून त्या दिल्लीभर फिरायच्या. त्यांच्याकडचा रोलीफ्लेक्स हा लेन्स न बदलता येणारा कॅमेरा. जवळचं हवं तर जवळ जायचं, लांबचं हवं तर मागे यायचं. पायच झूम! २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे असला कॅमेरा? पण मैत्रिणींनो, आता पुष्कळ मोबाईलमध्येही मागे दोन-तीन लेन्स असतात. पडद्यावर ०.५, १, २ किंवा ३ असे आकडे दिसतात ना, त्या त्याच. ०.५ म्हणजे रुंद. अंगण, मांडव, पंगत यांसाठी छान. पण माणसं कडेला उभी करू नका, कडेचे चेहरे ताणले जातात. एकटीदुकटीचा चेहरा काढायचा तर २ किंवा ३ दाबा आणि दोन पावलं मागे या. नाक फुगत नाही! आणि दोन बोटांनी ताणून ताणून मोठं करू नका. काही अंतरानंतर मोबाईल नुसता तुकडा कापून मोठा करतो, फोटो फाटल्यासारखा दिसतो. त्यापेक्षा चार पावलं पुढे जा. आणि हो, पदराने लेन्स पुसून घ्या. आपल्या मोबाईलला पिठाचे हात लागलेले असतात.

पुढच्या येळवसेला आक्काचं बोलावणं आलं. वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. लातूरकडे या दिवशी शहरं ओस पडतात आणि शेतं माणसांनी भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत पूजा, मग भज्जी, उंडे, बाजरीची भाकरी आणि माठातलं आंबील. सहल याहून वेगळी काय असते? लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि आक्काची लेक येणार होती.

११ जानेवारी २०२४. आदल्या रात्री टेबलावर तीन लेन्स मांडल्या, आणि या वेळी कुणाला विचारलं नाही. १८-५५ कॅमेऱ्याला लावली, बाकीच्या दोन कपाटात ठेवल्या. एसटीत आता बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे पहाटेच्या गाडीत सगळ्या माहेरवाशिणीच! लातुरात उतरून ताईबरोबर शेतावर पोचले तेव्हा आक्का भज्जी ढवळत होती. सोळा भाज्या की अठरा, यावर जावाजावांचा वाद चाललेला.

मी पिशवी खाली ठेवली नाही. पाणी घेतलं नाही. म्हटलं, "आक्का, आधी फोटो."

"आवो, आंबील तरी घ्या आदी."

"नाही. आधी फोटो."

कोपीच्या दारात तिघी बसल्या. मधे आक्का, एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला नात. मी ३५च्या आसपास ठेवलं. त्यात तिघी नीट मावल्या, मागे कोप आली, थोडी ज्वारी आली. १८ वर नेलं असतं तर शेत जास्त आलं असतं, पण तिघी लहान झाल्या असत्या. आक्का अगदी ताठ बसली होती, कार्डाच्या फोटोसारखी. नात म्हणाली, "आज्जे, हास की!" आणि आक्का तिच्याकडे वळली. तो फोटो.

जेवायला बसलो तेव्हा तारेवर नीलपंख येऊन बसला. उन्हात पंखांचा निळा असा चमकला, की बघत राहावं. ताईने मला कोपर मारलं, "लांबची लेन्स?"

"नांदेडला," मी म्हटलं, आणि दुसऱ्यांदा आंबील घेतलं. डोळ्यांनी पाहिला, तेवढा पुरला.

नांदेडला येऊन फोटो मोठा छापून घेतला, काचेची फ्रेम केली आणि पुढच्या खेपेला आक्काकडे घेऊन गेले. तिने पदराला हात पुसले, फोटो घेतला आणि बराच वेळ बघितला. नातीच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. म्हणाली, "ही माज्या मायवर गेलीय वो बाई. आता दिसलं."

मी खिळा शोधायला लागले. दारासमोरच्या भिंतीवर चांगला दिसला असता. पण आक्काने मान हलवली. फ्रेमच्या मागचे खिळे उचकटून काच बाजूला ठेवली, नुसता फोटो जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळला आणि लोखंडी पेटीत तळाशी ठेवला.

"भिंतीचा काय भरवसा?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "बाई, अजून येक निघंल का वो असाच? लेकीकडं ठिवते. येक हितं, येक तिकडं. समदं येकाच घरात ठिवू नये."

निघेल की. मी एक नाही, दोन काढून आणले. एक लेकीसाठी आणि एक माझ्याकडे नांदेडला, माझ्या कपाटात, लेन्सच्या डब्याशेजारी.

आता तुम्हाला एकच सांगते. पुढच्या वेळी चार बायकांत कुठेही निघाल, यात्रेला, डोहाळजेवणाला, नुसतं नदीवर, तेव्हा हातात मोठा कॅमेरा असो की साधा मोबाईल, आधी जवळच्या माणसाचा फोटो काढा. आणि तो कागदावर घ्या. दोन प्रती काढा. घार काय, परत येते.